धारवाडहून आई-आप्पांना

ती. आई-आप्पांस साष्टांग नमस्कार,

बँकेच्या परीक्षेचा क्लास मी सोडला आणि इथेच कर्नाटक विद्यापीठात एम.ए. इतिहासाची फी भरून मोकळी झाले. फोनवर सांगितलं असतं तर आप्पांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. फी माझ्या ट्यूशनच्या पैशातली आहे. सोसायटीत कर्जाचा अर्ज करायला जायचं नाही, आप्पा.

इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी नव्हे. कागद कुणी लिहिला, कुणासाठी, काय लिहायचं टाळलं हे विचारायचं आणि मग दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचं. वकिलाला, पत्रकाराला, कचेरीतल्या साहेबाला हेच लागतं. नेट-केसेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली तर कॉलेजवर लागता येईल, केएएसची, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय सेवेची, वाटही आहेच.

माळावरच्या रानाचंच घ्या. ट्रंकेतल्या त्या मोडी कागदाचा फोटो आणला होता ना? मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, हात उचलतच नाहीत. शब्द कुठे तुटतो तेच कळेना. मान मोडून आली, पण साल लागलं : फसली, म्हणजे जुना महसुली सन, 1290. त्यात 590 मिळवायचे, म्हणजे इसवी 1880-81. काका म्हणतात ती गहाणाची गोष्ट त्यात आहे खरी. पण सोडवल्याचा कागद वेगळा असू शकतो, आणि शेतसारा पुढे कुणाच्या नावे भरला तेही बघायला हवं. तोवर काकांशी वाद नको.

आपल्या भागातल्या पोरांना तर हे जमायलाच हवं. घरात मराठी, बाजारात कन्नड. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात, घरोघरी मोडी; बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, 1204 ची, तिचा लेख हळेकन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात; हलशीला सापडलेले कदंब राजांचे ताम्रपट संस्कृतात. सीमेवरून भांडणारे दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीचा तेवढाच कागद वाचतात, याचा मला राग येतो.

हलशीवरून आठवलं. आप्पा, वराहाची मूर्ती दिसावी म्हणून तुम्ही मला खांद्यावर घ्यायचा आणि मी घाबरून तुमचे केस धरायची. आता धरायला केसच कुठे राहिलेत!

होस्टेलला जोंधळ्याची भाकरी मिळते, सकाळी गरम पाणी असतं. आईच्या हातची चटणी तेवढी नाही. खानापूरला उतरायला गाडी आहेच, सणाला येतेच. रडू नको, आई. गुडघ्याला तेल लाव आणि पाटावर बसून भाकऱ्या थापणं बंद कर, ओट्याशी उभी राहा. आप्पांची बीपीची गोळी चहाच्या आधी, नंतर नाही.

ट्रंकेतले बाकीचे कागद उन्हात घालू नका. घडी न मोडता जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा. कुणी लॅमिनेशन करून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा, काका म्हणाले तरी.

तुमची,
मनू