माहिती मंत्र्यांना खुले पत्र: जाहीर सूचना पुन्हा कागदावर छापा

मा. माहिती मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमचं घर ज्या रस्तारुंदीत जातंय, तिची जाहीर सूचना निघाली, हरकतींची मुदतही संपली. आम्हाला कळलं ते मोजणीवाले दारात आल्यावर. कार्यालयात उत्तर मिळालं, ‘संकेतस्थळावर होती.’

माझे वडील ऐंशीच्या घरातले. भिंग घेऊन ते रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, जाहीर सूचनांसकट. तो पेपर छापायचा बंद झाला. आता ते मला विचारतात, ‘तू तरी का नाही पाहिलंस?’ रात्र रात्र झोपत नाहीत. त्यांना मी काय सांगू, साहेब?

सूचना ऑनलाइन गेल्या तरी छापील वृत्तपत्रांना धक्का लागणार नाही, असा शब्द आपण दिला होता. पण ऑस्ट्रियात काय झालं पाहा. व्हिएन्नाचं ‘वीनर झायटुंग’ हे वृत्तपत्र 1703 पासून निघत होतं. कंपन्यांनी अधिकृत सूचना त्यात पैसे भरून छापण्याची सक्ती तिथल्या सरकारनं काढली आणि 30 जून 2023 ला त्या दैनिकाचा शेवटचा छापील अंक निघाला. दहा सम्राट पाहिलेलं पत्र एका कायद्यानं आटोपलं! अमेरिकेत 2005 पासून एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली. दोनशेहून अधिक परगण्यांत स्थानिक बातमी देणारं कुणीच उरलेलं नाही. तिथल्या सभेत काय ठरलं, हे कोण सांगणार?

लोक वाचत नाहीत, असं आपले अधिकारी म्हणतात. जाहिरातीचा पैसा मोठ्या टेक कंपन्यांकडे गेला, हे का नाही म्हणत? कॅनडानं त्यांच्याकडून बातम्यांचा मोबदला मागितला, तर ऑगस्ट 2023 मध्ये मेटानं फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तिथल्या लोकांसाठी बातम्याच बंद केल्या. जंगलं पेटली होती, गावं रिकामी होत होती, तरीही. अशांच्या भरवशावर आम्हाला सोडताय?

छापलेलं पान कुणाला गुपचूप बदलता येत नाही. आमच्या सूचनेचा दुवा आज उघडतच नाही. ती कधी चढवली, कधी काढली, हे कोर्टात कसं दाखवू? सरकारनं सांगायचं टाळायचं आणि नागरिकानं पाहिलं नाही म्हणून त्यालाच दोषी धरायचं, हा कारभार आता सगळ्याच खात्यांत मुरलाय. रेशन असो, पेन्शन असो, जमीन असो, ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही तो तुमच्या हिशेबात माणूसच नाही.

घर, जमीन आणि पाणी यांच्याशी संबंधित प्रत्येक सूचना छापील वृत्तपत्रात देणं कायद्यानं बंधनकारक करा. छोट्या पत्रांची थकलेली सरकारी बिलं द्या. आणि आमच्या रस्त्याच्या हरकतींची मुदत नव्यानं सुरू करा, या वेळी कागदावर छापून.

आपला,
एक वाचक