‘वेव्हर’ म्हणजे दर वेळी ‘डगमगणे’ नव्हे

संपादक महोदय,

इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुरात ‘वेव्हर’ (waver) हे क्रियापद आले की मराठीत त्याच्या जागी डोळे मिटून ‘डगमगणे’ बसवले जाते. मग मेणबत्तीची ज्योत डगमगते, गायिकेचा आवाज डगमगतो, मतदार डगमगतो आणि फलंदाजाची एकाग्रताही डगमगते. यातले एकही वाक्य मराठी माणूस घरात बोलत नाही. आम्ही काही भाषांतरकार आणि इंग्रजीचे शिक्षक मिळून हे पत्र लिहीत आहोत. चूक व्याकरणाची असती तर मुद्रितशोधकाने पकडली असती. ही चूक अर्थाची आहे आणि तिच्यामुळे बातमीचा रोखच कधी कधी बदलतो.

‘वेव्हर’ जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आला. तिथे ‘वाफ्रा’ म्हणजे अस्थिरपणे इकडेतिकडे हलणे, लवलवणे. लाटेसाठीचा इंग्रजी ‘वेव्ह’ हा त्याचा दूरचा नातेवाईक. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, सहाव्या ओवीत हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत: जो ‘वेव्हर’ करतो तो वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा आहे. आजची इंग्रजी भाषांतरे तिथे सरळ ‘संशय धरतो’ असे म्हणतात. अर्थ शाबूत राहिला, पण नाद गेला.

या क्रियापदाचा गाभा असा की वस्तू किंवा माणूस आपल्या जागी आहे, जागा अजून सुटलेली नाही, पण स्थिरपणा गेला आहे. ‘अजून सुटलेली नाही’ हा भाग महत्त्वाचा. ‘वेव्हर’ ही पडण्याच्या अलीकडची अवस्था आहे. यानंतर माणूस सावरू शकतो किंवा कोसळू शकतो, हे क्रियापद त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मंत्री एखाद्या निर्णयावर ‘वेव्हर’ करत आहेत, एवढेच मूळ बातमीत असेल तर ‘मंत्र्यांची माघार’ हा मथळा चुकीचा ठरतो. माघार घेतली तर इंग्रजी वार्ताहर दुसरे क्रियापद वापरेल.

लढाईच्या वर्णनात हा फरक फार स्पष्ट दिसतो. सैन्याची फळी ‘वेव्हर’ करते आणि फळी ‘ब्रेक’ होते, या इंग्रजीत दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतावर या दोन्ही घडल्या. इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांना रेटले, भाऊसाहेबांनी मधल्या फळीवर चढाई केली, तेव्हा अफगाण फळी डळमळली. मोडली मात्र नाही. अब्दालीने राखीव तुकड्या पुढे घातल्या, पळणाऱ्यांना परत फिरवले आणि फळी सावरली. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर मराठी फळी फुटली. पहिल्या प्रसंगाला ‘वेव्हर’ लागतो, दुसऱ्याला लागत नाही. दोन्हींसाठी ‘डगमगली’ लिहिणाऱ्याने लढाईच चुकीची सांगितली.

आता मराठी पर्याय. इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, आणि अडचण नेमकी तिथेच होते. इंग्रजीला एक क्रियापद पुरते, मराठीला मात्र हलणारी गोष्ट कोणती हे आधी कळावे लागते. ज्योत थरथरते, वाऱ्याने फडफडते किंवा लवलवते. ती मिणमिणते असे लिहिले तर उजेड कमी आहे असा अर्थ होतो, हालचालीचा नव्हे. आवाज कापतो. शब्दच बाहेर पडेना झाला तर माणूस अडखळतो, पण ते ‘वेव्हर’ नसून ‘फॉल्टर’ आहे. सूर हलतो, असे गाणारेच म्हणतात. उन्हात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते. नजर ढळते, लक्ष विचलित होते, श्रद्धा डळमळते, धीर खचू लागतो. पाय भीतीने किंवा अशक्तपणाने लटपटतात. होडी आणि शिडी मात्र खुशाल डगमगावी, तिथे तो शब्द चपखल आहे. माणसाच्या बाबतीत तो नकारासह शोभतो: ‘संकटात डगमगला नाही’. होकारार्थी ‘तो डगमगला’ लिहिताना दोनदा विचार करावा, कारण त्यात भित्रेपणाचा ठपका येतो आणि तो मूळ इंग्रजीत असतोच असे नाही.

ज्योत आणि मन यांना एकाच क्रियापदाने बांधण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या 19 व्या श्लोकात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. तो दिवा हलत नाही, ‘नेङ्गते’. संस्कृतला तिथे एक धातू पुरला. बोलत्या मराठीने दोन्हींसाठी वेगळे शब्द घडवले, तर ते वापरावेत.

मनाच्या बाबतीत ‘वेव्हर’ आला की त्याच्या मागोमाग येणारे शब्दयोगी अव्यय पाहावे. अर्धे काम तिथेच होते. पुढे ‘बिटवीन’ असेल तर दोन पर्याय समोर आहेत आणि मन दोन्हींकडे झुकते आहे. याला मराठीत द्विधा मनःस्थिती म्हणतात, आणि मथळ्यात जागा कमी असेल तर ‘तळ्यात-मळ्यात’. ‘फ्रॉम’ असेल तर एकच वाट आहे आणि तिच्यापासून ढळण्याचा प्रश्न आहे. हा प्रयोग बहुतेक नकारातच येतो: ‘ध्येयापासून ढळला नाही’. ‘इन’ असेल तर आतला निश्चय, निष्ठा किंवा पाठिंबा पातळ होतो आहे, निवड करायचीच नाही. ‘ओव्हर’ किंवा ‘ऑन’ असेल तर एखाद्या प्रश्नाबाबत चलबिचल चालू आहे. ‘बिटवीन’च्या वाक्यात ‘निष्ठा डळमळली’ लिहिले, तर केवळ दोन चांगल्या पर्यायांत अडकलेल्या माणसावर फितुरीचा आरोप होतो. राजकीय बातम्यांत ही चूक सर्रास दिसते.

विद्यार्थ्यांसाठी थोडे व्याकरण. ‘वेव्हर’ अकर्मक आहे. प्रस्तावाने त्याला ‘वेव्हर’ केले असे सरळ म्हणता येत नाही, इंग्रजीत ‘मेड हिम वेव्हर’ म्हणावे लागते. त्यामुळे ‘ही वॉज वेव्हर्ड’ हा कर्मणी प्रयोग चूक. तो आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो, कारण मराठीत ‘तो विचलित झाला’ आणि ‘त्याला विचलित केले’ ही दोन्ही रूपे चालतात. स्पेलिंगमध्ये ‘ईडी’ किंवा ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ‘आर’ दुप्पट होत नाही. आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणून. ‘रेफर’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर असल्याने तिथे दुप्पट होतो.

शेजारच्या क्रियापदांचा गोंधळही थोडक्यात निस्तरू. ‘व्हॅसिलेट’ लॅटिनमधून आला. त्यात एकदा इकडे, एकदा तिकडे असे फेरे आहेत, आज होकार आणि उद्या नकार. त्याला ‘धरसोड’ हाच शब्द. ‘वेव्हर’मध्ये मत एकदाही बदललेले नसू शकते, ‘व्हॅसिलेट’मध्ये ते बदलून पुन्हा बदललेले असते. ‘हेझिटेट’मध्ये कृतीच्या उंबऱ्यावर थांबणे आहे: माणूस कचरतो, संकोचतो किंवा दाराशी घुटमळतो. इथे ‘आढेवेढे घेतले’ लिहू नये. आढेवेढे घेणाऱ्याचे मन बहुधा आधीच ठरलेले असते. ‘डिदर’ हा ब्रिटिश वर्तमानपत्रांचा लाडका शब्द, आणि त्यात दोषारोप आहे. निर्णय न घेता वेळ घालवणे, म्हणजे आपले घोंगडे भिजत ठेवणे. गंमत अशी की ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात ‘डिदर’ उपकारक आहे. आवाजाची डिजिटल नोंद कमी बिटांत उतरवताना मुद्दाम किंचित खरखर मिसळतात, म्हणजे आकडे तोडल्याने येणारी विकृती कानाला बोचत नाही. तिथे ‘निर्णयातली दिरंगाई’ असे भाषांतर झाले तर हसे होईल.

‘वॉबल’ हा मुळात वस्तूंचा शब्द. खुर्ची डुगडुगते. सायकलचे चाक फिरताना बाजूला हलत असेल तर दुकानदार ‘चाक आउट आहे’ म्हणतो आणि तारा कमी-जास्त ताणून आउट काढतो. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यानंतर मार्गारेट थॅचर यांनी जॉर्ज बुश यांना फोनवर सांगितले की ही ‘वॉबली’ होण्याची वेळ नाही. याचे भाषांतर ‘डळमळीत होण्याची वेळ नाही’ असे केले तर ते पुस्तकी होते. ‘ही कच खाण्याची वेळ नाही’ म्हटले की बाईंचा आवाज ऐकू येतो.

निवडणुकीच्या काळात ‘वेव्हरर’ हे नाम येते. ब्रिटनच्या इतिहासात ते एका गटाचे नावच आहे. संसदीय सुधारणांचे विधेयक ऑक्टोबर 1831 मध्ये उमरावांच्या सभागृहाने 41 मतांनी फेटाळले. त्यानंतर लॉर्ड हॅरोबी आणि लॉर्ड व्हार्नक्लिफ यांच्याभोवतीचे, विधेयकाला विरोध करणाऱ्या टोरी पक्षाचे काही उमराव सरकारशी बोलणी करू लागले. विधेयक पुन्हा अडवले तर राजा नवे उमराव नेमून बहुमत बदलेल, ही धास्ती त्यामागे होती. त्यांना ‘वेव्हरर्स’ म्हटले गेले. एप्रिल 1832 मध्ये दुसरे वाचन अवघ्या 9 मतांनी पार पडले, ते अशा मतांच्या जोरावर. हे लोक बिनबुडाचे लोटे नव्हते. त्यांनी हिशेब करून पाऊल मागे घेतले. मराठीत अशा माणसांना ‘कुंपणावरचे’ म्हणण्याची जी नवी खोड लागली आहे, ती इंग्रजीची उसनवारी आहे. आपल्या म्हणीतले कुंपण शेत खाते, त्यावर कुणी बसत नाही. ‘काठावरचे’ म्हणावे. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा मात्र वेगळा. त्याची चलबिचल होत नाही, तो दोन्हींकडून लाभ घेतो.

सर्वांत महाग पडणारी चूक उच्चारातून येते. ‘वेव्हर’ असाच उच्चार असणारा दुसरा इंग्रजी शब्द आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’नंतर ‘आय’ येतो. तो इंग्लंडच्या न्यायालयांतल्या जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ हक्क, अट किंवा देणे सोडून देणे. त्याच्या शेवटचा ‘अर’ करणारा माणूस दाखवत नाही. तो फ्रेंच क्रियापदाच्या मूळ रूपाचा अवशेष आहे, जसा ‘डिनर’ किंवा ‘डिस्क्लेमर’मध्ये. बोलून टंकलेखन करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे दोन शब्द केवळ कानाने वेगळे कळत नाहीत. ते संदर्भावरून अंदाज बांधते आणि तो चुकतो. म्हणून अशा मजकुरावर नजर फिरवताना एक कसोटी पुरते: शब्दाआधी कर्ज, शुल्क, व्हिसा, हप्ता किंवा अट असेल तर स्पेलिंगमध्ये ‘आय’ हवाच.

आणि ‘आय’वाला शब्द मिळाला तरी ‘माफी’ हे उत्तर प्रत्येक वेळी बरोबर नसते. 2008 या एकाच वर्षात तो दोनदा गाजला. फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात शेतकऱ्यांसाठीची योजना जाहीर झाली, ती कर्जमाफी. सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला जे दिले, ती नियमांतून सूट. भारताने कोणताही गुन्हा केला नव्हता की देणे थकवले नव्हते, तिथे ‘माफी’ विचित्र वाटते. साहसी खेळांपूर्वी सही करून घेतात तो कागद म्हणजे भरपाईचा दावा सोडल्याचे पत्र. बँकांच्या बातम्यांत तर आणखी सावध राहावे, कारण ‘राइट ऑफ’ म्हणजे ‘वेव्हर’ नव्हे. बँक ते कर्ज ताळेबंदातून काढते, वसुलीचा हक्क तिच्याकडेच राहतो आणि कर्जदाराचे देणे संपत नाही. तिथे ‘निर्लेखित’ हा शब्द उपलब्ध आहे. कानाला तो रुक्ष लागतो हे खरे, पण ‘माफ केले’ हे असत्य आहे.

तिसराही एक ‘वेव्हर’ आहे, हात किंवा निशाण हलवणारा. त्याचे स्पेलिंग पहिल्यासारखेच. ‘फ्लॅग-वेव्हर’ हा डळमळीत देशभक्त नसून देशभक्तीचे प्रदर्शन करणारा आहे, म्हणजे जवळजवळ उलट.

राहिले ‘अनवेव्हरिंग’. ध्रुवासाठी ‘अढळ’, निष्ठेसाठी ‘अविचल’, नजरेसाठी ‘एकटक’. परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांत ‘अनवेव्हरिंग सपोर्ट’ हा ठरलेला साचा असतो आणि तो लिहिणाऱ्यालाही त्यात अढळपद वगैरे अभिप्रेत नसते. तिथे ‘ठाम पाठिंबा’ एवढे लिहावे.

आपले,
काही भाषांतरकार व इंग्रजीचे शिक्षक, पुणे