पोलिओतून काबुकीच्या स्टेजवर

संपादक महोदय,

काबुकी, म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक, म्हटलं की आपल्याला रंगवलेले चेहरेच आठवतात, म्हणून त्यातले नट बान्दो तामासाबुरो (हे नाव घेणारे पाचवे) यांच्याबद्दल लिहितेय. जन्म टोकियोत १९५० चा, घराणं काबुकीचं नाही, लहानपणी पोलिओ झाला आणि पायात ताकद यावी म्हणून डान्स सुरू केला, तिथून काबुकी नट मोरिता कान्या (चौदावे) यांचे शिष्य झाले, पुढे त्यांनाच दत्तक गेले, आणि १९६४ मध्ये तामासाबुरो हे नाव मिळालं. जिथे नावं वारशाने चालतात तिथे ही केवढी गोष्ट आहे! ते ओन्नागाता, म्हणजे आपल्या बालगंधर्वांसारखे स्त्रीभूमिका करणारे. गुडघे वाकवून, खांदे मागे ओढून शरीर लहान दाखवायचं, तेही भारी किमोनोत, तासन् तास. २०१२ ला जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. तुमच्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख द्या ना प्लीज.

– एक नाट्यप्रेमी वाचक, पुणे