चोक गेला, सवय राहिली

महोदय,

शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली उतरला की कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत पहाटे सव्वासहाला एक गाडी सुरू होते. सुरू होते, निघत नाही. मालक सेल मारून वर चहाला जातात आणि गाडी माझ्या तळमजल्याच्या खिडकीशी पंधरा मिनिटं धूर सोडत उभी. विचारलं तर म्हणाले, "काका, इंजिन तापवायला नको? तुम्हीच मिस्त्री होता ना!"

होतो, म्हणूनच लिहितोय. नाना पेठेत चौतीस वर्षं गॅरेजमध्ये काढली. प्रीमियर पद्मिनीच्या काळात हा सल्ला मी स्वतः देत असे. कार्ब्युरेटरची गाडी, गारठ्यात पेट्रोलची धड वाफ होत नसे. चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, मग दोन-चार मिनिटांनी तो हळूहळू आत सारायचा. घाई केली की गाडी पहिल्याच चौकात आचके देऊन बंद.

आता चोक नाही. सेन्सर बघून कॉम्प्युटरच पेट्रोल सोडतो. पण गार इंजिनाला तोही जादाच सोडतो, आणि उभ्या गाडीचं इंजिन तापतं फार सावकाश. तेवढा वेळ ते जादा पेट्रोल जात राहतं. न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरात उतरून तिथलं ऑइलही पातळ करतं. झीज टाळायला गाडी उभी ठेवायची आणि झीजच वाढवायची! कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही चांगला तापल्याखेरीज धूर साफ करत नाही. तो कच्चा धूर माझ्या नाकात.

पुण्याच्या थंडीला अर्धा मिनिट पुरे, तेवढ्यात ऑइल वरपर्यंत चढतं. मग निघावं, आणि पहिले चार-पाच किलोमीटर बेतानं चालवावी. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजार आरपीएमच्या आत. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणून लगेच पाय दाबू नये. तो पाण्याचा काटा आहे, ऑइल त्याच्या मागून तापतं. डिझेलवाल्यांनी डॅशबोर्डवरचा हीटरचा (ग्लो प्लगचा) दिवा विझू द्यावा, मगच सेल मारावा. लडाखात बर्फात गाडी उभी असेल तर गोष्ट वेगळी; मी कोथरूडचं बोलतोय.

हे सगळं शेजाऱ्यांना दोनदा सांगून झालं. पण ते छापील अक्षरावरच विश्वास ठेवतात, आणि पेपर तुमचाच घेतात.

– एक निवृत्त मिस्त्री, कोथरूड, पुणे