उपचाराच्या पैशांना गुंतवणुकीच्या अटी लावू नका

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

परदेशात उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी पैसे पाठवण्याबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम बरेच उदार आहेत, पण कोल्हापुरातल्या शाखांमध्ये ते ज्या रीतीने लावले जातात ती रीत रुग्णाच्या नातेवाइकांना जेरीस आणणारी आहे.

कोणाही निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि उपचारासाठी तेवढ्या रकमेपर्यंत रुग्णालयाचे अंदाजपत्रक मागण्याची बँकेला गरज नाही. खर्च त्याहून जास्त असेल, तर इथल्या डॉक्टरांच्या किंवा तिथल्या रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय पैसे पाठवता येतात. सोबत जाणाऱ्या नातेवाइकासाठीही स्वतंत्र तरतूद आहे.

माझ्या भाच्याच्या मुलीला उपचारासाठी सिंगापूरला न्यायचे ठरले, तेव्हा यातले काहीच कोणी सांगितले नाही. उसाच्या बिलाची साठवलेली रक्कम सहकारी बँकेत होती, आणि त्या बँकेला परकीय चलनाचा परवाना नव्हता. आपल्या जिल्ह्यात असंख्य कुटुंबांचा सगळा व्यवहार सहकारी बँकांतच असतो, त्यामुळे ही अडचण एकट्या आमची नाही. दुसऱ्या एका मोठ्या बँकेत नवे खाते उघडले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी खाते वर्षभर जुने असल्याशिवाय रक्कम परदेशी पाठवता येत नाही, असे सांगितले. वास्तविक ही एक वर्षाची अट भांडवली व्यवहारांसाठी, म्हणजे परदेशात शेअर किंवा मालमत्ता घेण्यासारख्या कारणांसाठी आहे. उपचाराचा खर्च ‘चालू खात्यावरील व्यवहारात’, म्हणजे गुंतवणूक नसलेल्या नेहमीच्या खर्चात मोडतो (बँकेतल्या चालू खात्याशी याचा संबंध नाही) आणि त्याला ती लागू होत नाही. पुढे पैसे गेले, तेही रुग्णालयाला काही डॉलर कमी पोहोचले, कारण मधल्या बँकेने आपला आकार कापून घेतला होता. अर्जात हा आकार कोणी सोसायचा याचा एक रकाना असतो, पण तो भरताना त्याचा अर्थ कोणी समजावला नाही आणि उरलेली रक्कम जमा होईपर्यंत मुलीला रुग्णालयात दाखल करण्याची तारीख पक्की झाली नाही.

कराच्या बाबतीतही एक विसंगती आहे. परदेशी पैसे पाठवताना बँक जो कर आगाऊ वसूल करते त्याला टीसीएस म्हणतात; वर्षभरात जेवढ्या रकमेपर्यंत तो लागत नाही ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाख रुपयांवरून दहा लाखांवर गेली, हे चांगलेच झाले. त्याच वेळी वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरचा टीसीएस पूर्ण उठवला गेला, पण उपचारासाठी कर्ज काढणाऱ्याला ती सवलत मिळाली नाही. विवरणपत्र भरल्यावर हा कर वळता होतो हे खरे. मात्र रुग्णासाठी पैशांची जुळवाजुळव चालू असताना ती रक्कम अडकते, आणि शिक्षणाच्या कर्जाला दिलेली सूट आजाराच्या कर्जाला नाकारण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते, पण त्याआधी बँकेला उत्तरासाठी तीस दिवस द्यावे लागतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या माणसाला हा मार्ग असून नसल्यासारखा आहे. म्हणून जिल्हाधिकारी आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला विनंती आहे, की बँकर्स समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा; कोणत्या शाखांमधून उपचारासाठी पैसे पाठवता येतात त्यांची यादी आणि लागणारी कागदपत्रे मराठीत प्रत्येक शाखेत, सहकारी बँकांतही, लावावीत; आणि अर्ज नाकारायचा असेल तर कोणत्या नियमाखाली नाकारला हे त्याच दिवशी लेखी देण्याची सूचना शाखांना द्यावी.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर