मॅडमच्या निवृत्तीची बातमी शाल-श्रीफळावर संपायला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या बी.एड. कॉलेजच्या एक मॅडम रिटायर झाल्या त्याची बातमी तुमच्या पेपरात आली, चार ओळी आणि शाल-श्रीफळाचा फोटो. छापलं त्याबद्दल आभारच, पण त्यांनी एवढी वर्षं नेमकं काम काय केलं ते त्यात कुठेच नाही आणि ते खान्देशातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत पाहिजे म्हणून लिहितोय. मी त्यांचा विद्यार्थी, आता शिरपूर तालुक्यात मराठी शिकवतो.

बी.एड. म्हटलं की लोकांना पाठ टाचण, चार्ट आणि फायली एवढंच आठवतं. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे कॉलेजातच छोटा पाठ घेऊन बघायच्या सरावाचं, चक्र ३६ मिनिटांचं, ६ मिनिटं शिकवा, ६ मिनिटं चुका ऐका, १२ मिनिटं परत तयारी, मग पुन्हा ६ आणि ६, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच वर्गमित्र, ते कशाला अडतील? पण मॅडमचा सगळा जीव शाळेतल्या खऱ्या पोरांसमोरच्या सराव पाठात. बाकीचे निरीक्षक मागे बसून आमचा फळा नि आवाज बघायचे, मॅडम पोरांच्या बाकावर बसायच्या आणि पोरं काय बोलतात ते वहीत उतरवून घ्यायच्या, तास झाला की ती वही आमच्यापुढे.

त्यांच्या अभ्यासाचा विषयच हा, घरी अहिराणी, पावरी, भिली बोलणारं पोरगं मराठीच्या वर्गात आलं की त्याचं काय होतं. एकदा पाचवीच्या वर्गात आमच्यातल्या एकाने विचारलं, सकाळी तुमच्या घरी कोण काय करतं? एक पोरगी उठून म्हणाली, "मन्ही माय वावरमा जास," म्हणजे माझी आई शेतात जाते. हा म्हणाला, नीट बोल. ती खाली बसली ती तास संपेपर्यंत गप्प. मॅडम नंतर त्याला म्हणाल्या, अरे तिला प्रश्न कळला, तिने पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, अजून नीट म्हणजे काय? आधी उत्तर घे, त्याच्यावर पुढचा प्रश्न विचार, वावरात काय लावलंय विचार, मग तेच वाक्य फळ्यावर अहिराणीत लिही आणि शेजारी मराठीत. मी अजून असंच करतो आणि माझ्या वर्गातली पोरं बोलतात.

बहिणाबाईंची गाणी लेवा गणबोलीत, खान्देशातल्याच एका बोलीत, आहेत म्हणून आपल्याला अभिमान, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, मग पाचवीतल्या पोरीला तिच्या बोलीसाठी खाली का बसवायचं?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आता आलंय की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. चांगलंच आहे. पण हे वर्गात करायचं कसं ते शिक्षकाला कोणीतरी शिकवलं पाहिजे ना. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप २० आठवड्यांची झाली, २०२३ पासून काही ठिकाणी चार वर्षांचा कोर्सही सुरू झाला, पण पोरांजवळ बसून ऐकणारा प्राध्यापक नसेल तर ती इंटर्नशिप सही-शिक्क्यावर भागते. कृतिसंशोधन, म्हणजे वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने स्वतः करायचा अभ्यास, तोही नेटवरून उतरवलेला असला तर मॅडम परत करायच्या, तुझ्याच वर्गातला प्रॉब्लेम आण म्हणायच्या, त्यामुळे काही जण चिडायचे पण शिकले तेच.

म्हणून दोन मागण्या. मॅडमची जागा तासिका तत्त्वावर न ढकलता कायम भरावी, आणि तुम्ही जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी त्यांच्या वह्यांमधलं रविवारच्या पुरवणीत छापावं, पोरांची नावं न देता. मॅडमना मी विचारलंय, त्या लिहून द्यायला तयार आहेत.

आपला वाचक,
एक शिक्षक, शिरपूर