समुपदेशन कक्षाआधी परीक्षा विभाग पाहा

महोदय,

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा सध्या सगळीकडे होत आहे, आणि ती व्हायलाच हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातील होत्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. परंतु ताणाचे एक कारण विद्यापीठाच्या आवारातच तयार होते आणि ते दूर करणे कोणत्याही समुपदेशकाच्या हाती नाही. ते म्हणजे रखडलेले निकाल.

मी अकरा वर्षे एका मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो. निकालाच्या दिवसांत रात्री एक-दीड वाजता, जिथे नेट जरा बरे मिळते त्या जिन्यावर, चार-पाच मुले मोबाइलवर संकेतस्थळ उघडून बसलेली असत. नापास झालेला मुलगा दोन दिवस कोणाशी बोलत नाही आणि मग फॉर्म भरून अभ्यासाला लागतो. ज्याचा निकाल ‘राखीव’ आहे, म्हणजे विद्यापीठाने अडवून ठेवला आहे, त्याला मात्र पुढच्या वर्षाचा अभ्यास करावा की मागच्या, हेही ठरवता येत नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाने गणिताच्या पेपरच्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला होता. उत्तर येईना, म्हणून त्याने पुन्हा परीक्षा शुल्क भरले. त्या काळात त्याचे मेसला येणे बंद झाले, घरी फोनवर ‘मजेत आहे’ एवढेच सांगत असे. दुसऱ्यांदा पेपर दिल्यावर बारा दिवसांनी कळले, की तो पहिल्याच वेळी उत्तीर्ण होता. कार्यालयात येऊन त्याने फक्त एवढेच विचारले, ‘‘सर, दुसऱ्यांदा भरलेली फी परत मिळते का?’’

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांत जाहीर करावा, अशी तरतूद आहे. २०१७ मध्ये संगणकाच्या पडद्यावरील मूल्यांकनामुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा कुलपतींनी कुलगुरूंना पदमुक्त केले. तो प्रश्न लाखो उत्तरपत्रिकांचा होता, म्हणून गाजला. एकेका मुलाचा अडकलेला निकाल बातमी होत नाही. आमच्या सूचना फलकावर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक लावलेला असे (तो चोवीस तास लागतो, मुलांनी तो जरूर वापरावा), पण परीक्षा विभागाचा दूरध्वनी काही कोणी उचलत नसे.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढील परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अंतिम तारखेआधी लागलाच पाहिजे. तसे न झाल्यास त्या विषयाचे शुल्क घेऊ नये आणि विद्यार्थी आधीच उत्तीर्ण ठरल्यास घेतलेले शुल्क परत करावे. निकाल राखीव ठेवताना त्याचे कारण आणि संबंधित अधिकाऱ्याचे पदनाम विद्यार्थ्याला लेखी कळवावे. प्रलंबित अर्जांची संख्या विद्याशाखानिहाय दर आठवड्याला संकेतस्थळावर द्यावी. यासाठी नवा निधी वा नवी पदे लागणार नाहीत.

– एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक